वेव्हमेकर घ्यायचा तर कोणता? पुण्यातल्या घरगुती फिश टँकसाठी पंपांची पारख

दुकानात पंप मागितला की पहिला प्रश्न येतो, "टाकी किती लिटरची?" चार फुटी म्हटलं की ताशी पाच हजार लिटरचा डबा काउंटरवर येतो, दोन फुटी म्हटलं की दोन-तीन हजारांचा. पण त्याआधी ठरवायला हवं ते हे, की टाकीत मासे कोणते आणि त्यांच्या मूळ पाण्याला ओढ कशी होती. डोहातला मासा आणि खळाळातला मासा एकाच मापाच्या टाकीत वेगवेगळा पंप मागतात. म्हणून इथे पंपांची पारख लिटरवर न करता, त्यातून पाणी कसं हलतं यावर केली आहे.

आधी मताचं बोलून टाकतो. एका मोठ्या जोरदार पंपापेक्षा दोन लहान पंप जवळजवळ नेहमीच बरे. अरुंद, टोकदार झोतापेक्षा रुंद आणि संथ प्रवाह बरा. आणि बऱ्याच घरगुती टाक्यांना वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी नुसतं हलतं ठेवणारा पंप, लागतच नाही. शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करू.

ज्यांना वेव्हमेकर नकोच

बेट्टा, गुरामी, एंजल, लांब शेपटीचा गप्पी आणि गोलमटोल गोल्डफिश हे सगळे संथ पाण्यातले किंवा माणसाने पैदाशीतून संथ करून ठेवलेले मासे. बेट्टा आणि गुरामी वर येऊन हवा घेतात; पृष्ठभाग सतत ढवळला जात असेल तर त्यांना वर येणंही कष्टाचं होतं आणि नराने बांधलेलं फेसाचं घरटं टिकत नाही. फॅन्सी गोल्डफिशच्या गोल अंगाला प्रवाहाविरुद्ध पोहण्याची ताकद नसते. गोल्डफिशची घाण जास्त असते हे खरं, पण त्याला उत्तर मोठा फिल्टर आणि वेळच्या वेळी पाणी बदलणं हे आहे. प्रवाह वाढवून घाण फक्त जागा बदलते.

प्रवाह जास्त झाला हे मासाच दाखवतो. दिवसभर हीटरच्या किंवा फिल्टरच्या मागे, कोपऱ्यात दबून बसणं. पंखांच्या कडा चिरलेल्या दिसणं. टाकलेलं खाणं तोंडापुढून वाहून जाणं आणि माशाने त्याचा पाठलाग सोडून देणं. यातलं एक जरी दिसलं तरी पंप बंद करून दोन दिवस बघावं.

अशा टाकीसाठी साधा एअर पंप आणि स्पंज फिल्टर यांची जोडी हा आमच्या मते सर्वांत चांगला सौदा आहे. बुडबुड्यांतून थेट मिसळणारा ऑक्सिजन थोडा असतो. बुडबुडे वर जाताना तळाचं पाणी सोबत उचलतात आणि पृष्ठभाग हलता ठेवतात, खरं काम तिथे होतं. पुण्यात याला थोडं जास्त महत्त्व आहे. समुद्रसपाटीला 25 अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला 7.6. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी, म्हणून त्यातूनही साधारण सहा टक्के वजा करायचे. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये टाकीचं पाणी सहज 31-32 अंशांवर जातं आणि त्याच वेळी माशांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते यामुळेच.

एअर पंप घेताना आवाज ऐकूनच घ्यावा. दुकानात हातात धरून चालवला तर सगळेच शांत वाटतात, फळीवर ठेवल्यावर गुरगुरतात. म्हणून काउंटरवर ठेवून चालवायला सांगा. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायची सोय नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून सॉकेटवर उतरतं. हवा हळूहळू कमी होत गेली तर आधी एअर स्टोन, म्हणजे नळीच्या टोकाचा सच्छिद्र दगड, बदलून बघा. तो क्षारांनी बुजतो. तरीही कमीच असेल तर आतला रबरी डायफ्रॅम कडक झालेला असतो. बऱ्याच पंपांना तो सुटा मिळतो आणि पाच मिनिटांत बदलता येतो.

डब्यावरचा आकडा कसा वाचायचा

पंपाचे मूळ दोन प्रकार. पॉवरहेड (टाकीतच बुडवून ठेवायचा छोटा पंप), सबमर्सिबल, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) यांच्यातला पंप पाणी मध्यातून ओढून कडेने फेकतो. त्याला जोर असतो, तो पाणी उंच चढवू शकतो, पण झोत बारीक आणि टोकदार येतो. वेव्हमेकरमध्ये पंख्यासारखी पाती असतात. त्याला उंची चढवता येत नाही, पण कमी विजेत तो खूप जास्त पाणी रुंद पट्ट्यात सरकवतो. म्हणून 1000 लिटरचा पॉवरहेड आणि 3000 लिटरचा वेव्हमेकर यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

पहिल्या प्रकाराचा आकडा शून्य उंचीवरचा असतो. पाणी जसजसं वर चढवायचं तसतसा प्रवाह घटतो. डब्यावर लिहिलेल्या कमाल उंचीच्या निम्म्यावर आलं की हातात निम्म्याच्या आसपास उरतं, आणि एल्बो, बारीक नळी, भरलेला स्पंज यांनी आणखी कमी होतं. खरा प्रवाह मोजणं सोपं आहे. आउटलेट 10 लिटरच्या बादलीत सोडा, घड्याळ लावा. 40 सेकंदांत बादली भरली तर ताशी 900 लिटर. फिल्टर धुतल्यानंतर एकदा आणि महिन्याने एकदा मोजलं की फिल्टर किती दिवसांनी धुवायचा याचं उत्तर आपोआप मिळतं.

वेव्हमेकर बादलीत मोजता येत नाही. तिथे वेगळा हिशोब लागतो आणि तो एकदा करून बघण्यासारखा आहे. चार फुटी टाकी, दीड फूट रुंद, दीड फूट उंच: काठोकाठ 255 लिटर, आणि वाळू, दगड, वरची मोकळी जागा वजा केली तर साधारण 210. तिचा आडवा छेद 45 बाय 45 सेंटिमीटर, म्हणजे 2025 चौरस सेंटिमीटर. या संपूर्ण छेदातून पाणी सेकंदाला 10 सेंटिमीटर वेगाने एकाच दिशेला न्यायचं तर सेकंदाला 20 लिटर, म्हणजे ताशी सुमारे 73,000 लिटर लागतील. ओढ्याच्या मानाने सेकंदाला 10 सेंटिमीटर ही अगदी सौम्य चाल आहे. घरगुती पंप इतकं पाणी ढकलूच शकत नाही.

मग ताशी 5000 लिटरचा पंप चालवल्यावर टाकीभर हालचाल का दिसते? कारण झोत बाजूचं स्थिर पाणी स्वतःबरोबर ओढत नेतो आणि समोरच्या काचेवर आपटून ते पाणी खालून किंवा बाजूने परत फिरतं. टाकीत नदी तयार होत नाही, भोवरा तयार होतो. पंप निवडणं म्हणजे हा भोवरा किती रुंद, किती संथ आणि कुठून कुठे फिरेल हे ठरवणं. झोत सुरुवातीला जितका रुंद, तितकं बाजूचं पाणी जास्त सोबत येतं आणि माशाला कुठेही अचानक फटका बसत नाही. पात्यांचा पंप इथे जिंकतो.

वेग मोजायला दोन साधने पुरतात. काचेवर बाहेरून एक मीटर अंतरावर दोन खुणा करून पृष्ठभागावर खाण्याचा एक तरंगता दाणा सोडा. दहा सेकंदांत पार झाला तर सेकंदाला 10 सेंटिमीटर. पाण्याखालचं बघायला बारीक काडीच्या टोकाला पाच सेंटिमीटर मऊ लोकरीचा धागा बांधा आणि ती काडी टाकीत जागोजागी धरा. धागा कुठल्या बाजूला झुकतो, कुठे फडफडतो, कुठे सरळ खाली लोंबतो हे दिसतं. सरळ लोंबतो ती मेलेली जागा. फडफडतो तिथे झाड लावू नये. ठोकताळा म्हणून धरायचं तर चपळ मासा त्याच्या लांबीच्या एक ते दोन पट अंतर दर सेकंदाला आरामात कापत दिवसभर राहू शकतो: पाच सेंटिमीटरच्या डॅनिओला पाच ते दहा सेंटिमीटरचा वेग सोसतो, आवडतोही, पण टाकीत विसाव्याला संथ कोपरा असेल तरच.

साधा एसी वेव्हमेकर

सनसनची जेव्हीपी मालिका आणि तिच्यासारखे दिसणारे इतर अनेक छापांचे पंप पुण्यात जवळपास प्रत्येक मत्स्यालयाच्या दुकानात दिसतात. जेव्हीपी-101 वर ताशी 3000 लिटर आणि 6 वॅट लिहिलेलं असतं, 102 वर 5000 लिटर आणि 12 वॅट. 6 वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी सव्वाचार युनिटच्या आसपास वीज खातो. जेवढी किंमत, तेवढ्यात याहून रुंद प्रवाह देणारं दुसरं काही नाही. दोन ते चार फुटी झाडांच्या टाकीला, बार्ब-डॅनिओच्या टाकीला आम्ही हाच सुचवू.

त्याच्या मर्यादा मोटरच्या रचनेतून येतात. आत कायमच्या चुंबकाचा रोटर असतो आणि तो 50 हर्ट्झच्या विजेशी जुळून फिरतो, म्हणून वेग बदलता येत नाही. पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करायचा प्रयत्न करू नये: रोटरचा वेग कमी होत नाही, जोर तेवढा कमी होतो, मोटर तापते आणि अडकते. सुरू होताना तो कुठल्याही दिशेने फिरू शकतो. चुकीच्या दिशेने निघाला की पात्यांची रचना त्याला अडवते आणि तो उलटतो. सुरुवातीचा "टक-टक" आवाज त्याचाच. दोन-चार सेकंदांत थांबला तर चिंता नको. चालूच राहिला तर पात्यात वाळूचा कण किंवा शंख अडकला आहे, नाहीतर रोटरचा रबरी बुश झिजला आहे.

विकत घेताना चुंबकाचा माउंट असलेला घ्या. रबरी सक्शन कप नवे असताना घट्ट बसतात, पण उन्हाळ्यागणिक कडक होतात आणि एका रात्री पंप सुटून वाळूत तोंड घालून पडतो. मग वाळू टाकीभर उडते आणि पातीही जातात. चुंबक किती जाडीच्या काचेला चालतो हे डब्यावर बघा. चार फुटी टाकीची काच बऱ्याचदा 10 मिलिमीटर असते. चुंबक बसवताना आधी पंप आतून काचेला टेकवून धरायचा आणि बाहेरचा तुकडा बाजूने सरकवत आणायचा. समोरून सोडला तर तो झेप घेऊन आपटतो, काचेला तडा जाऊ शकतो आणि बोट सापडलं तर चांगलंच चिरडतं.

आणखी एक. या पंपांना अनेकदा दोन पिनांचा, आपल्या सॉकेटमध्ये सैल बसणारा प्लग येतो. सैल प्लग ठिणग्या पाडतो. तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, चांगल्या प्रतीचा तीन पिनी कन्व्हर्टर किंवा युनिव्हर्सल सॉकेटचा बोर्ड मिळतो, तो पंपासोबतच घ्यावा. वायर कापून पाण्याच्या जवळ जोड देण्याचं काम कधीच करू नये.

डीसी वेव्हमेकर

जेबाओचे आणि त्या घराण्यातले 24 व्होल्टचे पंप साध्या एसी पंपाच्या कित्येक पट किमतीला येतात, आणि हे पैसे कुठे वसूल होतात ते स्पष्ट आहे. कंट्रोलरवर वेग कमी-जास्त करता येतो; पाणी लाटेसारखं मागेपुढे हलवता येतं; खाणं घालताना दहा मिनिटं पंप थांबवून आपोआप परत सुरू करता येतो. पाण्यात उतरलेली वायर 24 व्होल्टची असते, ही सुरक्षेची मोठी बाजू. आणि 50 हर्ट्झच्या मोटरला असणारी ती 100 हर्ट्झची बारीक गुणगुण नसते, त्यामुळे बेडरूममधल्या टाकीला डीसीच घ्यावा.

गोड्या पाण्यात लाटेचा मोड सहसा उपयोगाचा नाही. सह्याद्रीतल्या ओढ्याला लाट नसते, एकाच दिशेची ओढ असते आणि ऋतूप्रमाणे तिचा जोर बदलतो. डीसी पंपाचा खरा फायदा इथे आहे. ताम्हिणीच्या बाजूचा ओढा जूनपासून फुगतो आणि मे महिन्यात डोहांपुरता उरतो. टाकीतही वेग वर्षभर सारखा ठेवायची गरज नाही. डॅनिओ आणि बार्ब पैदाशीला आणायचे असतील तर दोन-तीन अंश थंड पाण्याने एक चतुर्थांश पाणी बदल आणि त्याच्या जोडीला कंट्रोलरवर दोन-तीन पायऱ्यांनी वाढवलेला वेग, हा पावसाळ्याचा इशारा त्यांना कळतो. पंप पूर्ण जोरावर न चालवता साठ-सत्तर टक्क्यांवर चालेल असा मोठा घ्यावा. आवाज कमी, झीज कमी.

तक्रारीची जागा कंट्रोलर आणि अडॉप्टर. दोन्ही टाकीच्या झाकणावर किंवा खालच्या दमट कपाटात पडून असतात आणि पंपाच्या आधी तेच जातात. बाहेरच्या भिंतीवर, पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर टांगावेत. अडॉप्टर बदलायची वेळ आली तर व्होल्ट तंतोतंत तेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असलेला घ्या. पिनेची धन-ऋण बाजू जुन्यावर छापलेली असते, ती जुळवून बघा.

परदेशी महागडे

खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी असेल तरच इथे यावं. जर्मनीच्या ट्युन्झेचा टर्बेल नॅनोस्ट्रीम 6040 ताशी 4500 लिटरपर्यंत जातो, आकाराने मुठीएवढा, आणि त्याचा माउंट चेंडूसारखा सर्व बाजूंना वळतो. दगडांच्या फटीत नेमकी दिशा द्यायला याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. इकोटेकच्या व्होरटेकमध्ये मोटर काचेबाहेर आणि पाती आत, मधे फक्त चुंबकाची पकड. पाण्यात वायर नाही आणि मोटरची उष्णता बहुतांशी बाहेर राहते, ही पुण्याच्या उन्हाळ्यात मोलाची गोष्ट. मॅक्सस्पेक्टचा गायर आडव्या दंडगोलातून पाण्याची पातळ चादर सोडतो. लांब टाकीत भोवरा घडवायला उत्तम, पण दंडगोलाचे बुश वेळच्या वेळी साफ केले नाहीत तर खडखडतो.

प्रवाळांत मऊ जातींना टाकीच्या दहा ते वीस पट आणि कडक, फांद्यांच्या जातींना तीस ते पन्नास पट ताशी प्रवाह असा ठोकताळा वापरतात. तिथेही एकच झोत सतत एका प्रवाळावर आला तर त्या बाजूची त्वचा सोलवटते. दोन टोकांना दोन पंप, आलटून पालटून. तीन फुटी टाकीला एक महागडा घेण्यापेक्षा दोन मध्यम डीसी घ्यावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. एक बंद पडला तर दुसरा टाकी वाचवतो.

ओढ्याची टाकी: पाइपची जोडणी

हिलस्ट्रीम लोच, डॅनिओ किंवा खडकाला चिकटून राहणारे गारा जातीचे मासे ठेवायचे असतील तर वेव्हमेकरचा भोवरा पुरत नाही. तळापासून वरपर्यंत एकाच दिशेची ओढ लागते. यातल्या गारा मुल्याची नोंद कर्नल साइक्सने 1839 साली दख्खनच्या माशांच्या अभ्यासात केली होती. तोंडाखालच्या चकतीने तो खडकाला धरून राहतो आणि ऑक्सिजन कमी झालेला त्याला अजिबात चालत नाही.

यासाठी पॉवरहेड आणि पीव्हीसी पाइप वापरतात. तीन फुटी टाकीला 25 मिलिमीटरचे दोन पाइप टाकीच्या लांबीला तळावर समांतर टाकायचे. एका टोकाला प्रत्येक पाइपला एल्बो लावून वर उभा पाइप, त्यावर खालून पाणी ओढणारा पॉवरहेड. दुसऱ्या टोकाला तसाच एल्बो, उभा छोटा पाइप आणि त्यावर भोकाभोकांचा स्पंज. दोन्ही पाइप मधे टी आणि आडव्या तुकड्याने जोडले की एक स्पंज भरला तरी दुसऱ्याकडून पाणी येतं. वरून वाळू आणि नदीचे गोल गोटे. पंप एका टोकाला पाणी सोडतात, ते टाकीभर वाहत दुसऱ्या टोकाला स्पंजात शिरतं आणि पाइपमधून खालून परत पंपाकडे येतं.

सांधे सोल्यूशनने चिकटवू नका. दाब नगण्य असतो, नुसते दाबून बसवले तरी पुरतात आणि साफ करायला सुटतात. पाइप 20 मिलिमीटरचा घेतला तर घर्षणातच बराच प्रवाह जातो. स्पंज फार बारीक छिद्रांचा घेऊ नये, तो आठवड्यात बुजतो आणि पंप उपाशी राहून खडखडतो. गोटे घालण्याआधी टाकी पाण्याने भरून एक दिवस नुसती चालवा, धाग्याची काडी फिरवून दोन्ही पंपांचा जोर सारखा आहे ना ते बघा. गोटे घातल्यावर पाइप हलवणं म्हणजे सगळं उपसणं. आणि मधे दोन-तीन मोठे दगड असे ठेवा की त्यांच्या मागे संथ पाणी तयार होईल. ओढ्यातला मासाही दिवसभर धारेत नसतो.

दोष एकच, उष्णता. पाण्यातल्या पंपाची सगळी वीज शेवटी पाणी तापवते. 25 वॅटचा पंप दिवसभरात जेवढी उष्णता ओततो ती 200 लिटर पाण्याला, बाहेर काहीच गेलं नाही असं धरलं तर, अडीच अंशांनी तापवायला पुरेशी आहे. प्रत्यक्षात बरीचशी बाष्पीभवनात जाते, म्हणून अशा टाकीला काचेचं झाकण न घालता जाळी घालावी आणि मेमध्ये पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा.

कुठे बसवायचा

साध्या वेव्हमेकरची जागा: आखूड बाजूच्या काचेवर, मागच्या कोपऱ्याजवळ, पाण्याखाली खोलीच्या साधारण तिसऱ्या भागावर. तोंड समोरच्या लांब काचेच्या मध्याकडे, किंचित वर. पृष्ठभाग सुरकुतला पाहिजे, पण पंपावर भोवरा पडून हवा आत ओढली जाता कामा नये. तसं झालं तर पंप दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या. उन्हाळ्यात रोज पाण्याची पातळी उतरते, त्यामुळे आज ठीक बसलेला पंप चार दिवसांनी हवा ओढायला लागतो.

फिल्टरचं आउटलेट त्याच फेरीच्या दिशेने वळवा. दोन प्रवाह समोरासमोर भिडले की मधे घाण साचते. फिल्टरचं इनलेट भोवऱ्याच्या परतीच्या वाटेवर, तळाजवळ. खाणं घातल्यापासून एक दिवसाने तळ बघा: जिथे काळसर ढीग होतो तिथे इनलेट न्या, किंवा पंपाचा कोन थोडा बदलून तो ढीग इनलेटकडे सरकवा. पंपासमोर वीस सेंटिमीटरच्या आत झाड नको.

झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल त्या टाकीत दिवसा पृष्ठभाग फार ढवळला तर गॅस उडून जातो. दिवसा पंप थोडा खाली वळवून पाण्यातच फिरवायचा आणि रात्री, झाडं ऑक्सिजन खात असताना, टायमरवर एअर पंप. पाण्यावर तेलकट तवंग धरत असेल तर पृष्ठभाग कमी हलतो आहे असंच समजावं.

कोळंबी, शंख किंवा पिल्लं असतील तर पंपाच्या जाळीवर जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा ताणून बांधा. प्रवाह थोडा कमी होतो. दर आठवड्याला धुवावा लागतो.

वीज गेली तर

महावितरणची देखभालीची कामं पुण्यात गुरुवारी निघतात आणि बऱ्याच भागांत महापालिकेचं पाणीही गुरुवारी बंद असतं. पंप धुणं, पाणी बदलणं यासाठी गुरुवार सोडून दुसरा वार धरा.

घरच्या इन्व्हर्टरवर एसी पंप लावायचा तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर तो गुरगुरतो आणि तापतो. डीसी पंपाला अडॉप्टरमुळे हा त्रास जवळजवळ होत नाही. स्वतंत्र बॅटरीचा हिशोब असा: 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी म्हणजे 84 वॅट-तास, तिचं आयुष्य राखायला निम्मीच वापरली तर 10 वॅटचा पंप सुमारे चार तास. 24 व्होल्टच्या पंपाला मधे व्होल्टेज वाढवणारं मॉड्यूल लागतं, त्यात थोडं जातं. ही खटपट नको असेल तर चार्ज होणारा छोटा एअर पंप सर्वांत स्वस्त विमा आहे.

कॅनिस्टर फिल्टर तीन-चार तासांहून जास्त बंद राहिला तर थेट सुरू करू नका. आतलं साठलेलं पाणी ऑक्सिजन संपून कुजलेलं असतं. ते ओतून, मीडिया, म्हणजे आतला स्पंज वगैरे गाळणीचं सामान, टाकीच्याच पाण्यात हलवून मग चालू करा.

टाकीच्या सॉकेटवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असावाच. प्रत्येक वायर सॉकेटपर्यंत जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. आणि हात पाण्यात घालण्याआधी सगळे प्लग बाहेर.

क्षार आणि साफसफाई

खडकवासल्याच्या धरणसाखळीतून येणारं महापालिकेचं पाणी तुलनेने मऊ आहे, पंपाला त्याचा फारसा त्रास नाही. टँकर आणि बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत चित्र वेगळं: पाण्याच्या रेषेवर काचेला पांढरा थर धरत असेल तर तोच थर पंपाच्या दांडीवर आणि रोटरच्या भोकातही धरतो आहे. प्रवाह कमी होतो, आवाज वाढतो, शेवटी रोटर अडकतो. मऊ पाण्यात तीन महिन्यांनी, कडक पाण्यात दर महिन्याला पंप उघडावा.

पुढची जाळी फिरवून काढा, पाती आणि रोटर सरळ बाहेर ओढा. आतली दांडी सिरॅमिकची असते आणि तिरक्या ओढीने काडीसारखी मोडते, म्हणून ओढताना हात वाकडा नको. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यात सगळे भाग तासभर, पंपाचा वायरकडचा भाग प्लग काढूनच. नंतर टूथब्रशने, आणि रोटरच्या भोकात बाटलीच्या नळीचा बारीक ब्रश. नळाखाली स्वच्छ धुवून परत जोडा. पंप नळाच्या पाण्याने धुतला तर काही बिघडत नाही. फिल्टरचा मीडिया मात्र क्लोरीनच्या पाण्याखाली धरू नये आणि दोन्ही एकाच दिवशी साफ करू नयेत. परत लावल्यावर खडखडला तर आत हवा अडकली आहे. पाण्याखालीच धरून वाकडातिकडा हलवा, बुडबुडे निघून जातात.

रोटर हातात घेतला की त्याचं चुंबक बघा. वरचं आवरण तडकलेलं, फुगलेलं किंवा गंजाचे डाग असतील तर तो लगेच बदला. फुगलेला रोटर एक दिवस अडकतो आणि मोटर जाळतो, शिवाय गंज पाण्यात उतरत राहतो. कोळंबीच्या टाकीत तर हे अजिबात चालवून घेऊ नये. म्हणूनच पंप घेताना दुकानदाराला वॉरंटीच्या आधी हे विचारा: याचा सुटा रोटर आणि रबरी बुश तुमच्याकडे मिळतो का? मिळत असेल तर त्याच दिवशी एक घेऊन ठेवा. मिळत नसेल तर दुसऱ्या छापाचा पंप दाखवायला सांगा.